वाचकांचे प्रश्न : पैसे दिले, पण नोंद कुठे आहे?

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न दिवाणी दाव्याचा निकाल लागल्यानंतरचे आहेत. दोन शब्द आधी सांगून ठेवतो. ज्याच्या बाजूने हुकूमनामा (दाव्यातला कोर्टाचा लेखी निर्णय) झाला आणि जो अंमलबजावणीसाठी दरखास्त करतो तो दरखास्तदार. ज्याच्यावर हुकूमनामा झाला तो ऋणको, मग त्याला पैसे द्यायचे असोत की घराचा ताबा. उत्तरांत नुसते 'नियम अमुक' म्हटले असेल तिथे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या आदेश २१ चा नियम समजावा.

प्रश्न : हातउसन्या पैशांच्या दाव्यात माझ्यावर हुकूमनामा झाला. निकालानंतर दोन महिन्यांनी मी वादीच्या घरी जाऊन, त्याच्या मेहुण्यासमोर, सगळी रक्कम रोख दिली. त्याने वहीच्या कागदावर 'हिशेब पुरा' लिहून सही केली. आता तीन वर्षांनी त्याच रकमेच्या दरखास्तीची नोटीस आली आहे. पावती दाखवली की प्रकरण मिटेल ना?

उत्तर : मिटेलच असे सांगता येत नाही. लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच असतो. कोर्टाबाहेर दिलेला पैसा आणि कोर्टाच्या दप्तरी नोंदलेला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम २ स्पष्ट सांगतो की, कोर्टाबाहेरच्या ज्या भरण्याची किंवा तडजोडीची नोंद झालेली नाही, ती दरखास्त चालवणारे कोर्ट विचारातच घेणार नाही. पैसे खरोखर दिले असले तरी.

नोंद दोन वाटांनी होते. पहिली म्हणजे दरखास्तदाराने स्वतः कोर्टाला कळवणे. कायद्याने ते त्याचे कर्तव्यच आहे आणि त्याला मुदतीची अडचण नाही. दुसरी वाट ऋणकोची : आपण पैसे दिले असे सांगून, दरखास्तदाराला कारणे दाखवा नोटीस काढावी असा अर्ज कोर्टात द्यायचा. या अर्जाला मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद १२५ प्रमाणे, पैसे दिल्यापासून फक्त ३० दिवस आहेत. उशीर माफ करून घेण्याचे त्याच कायद्यातले नेहमीचे कलम ५ आदेश २१ खालच्या अर्जांना लागत नाही. एकतिसाव्या दिवशी 'आजारी होतो, माहीत नव्हते' हे सांगण्याचा उपयोग होत नाही, तो यामुळे.

पुराव्याचीही अट आहे. ऋणकोच्या अर्जावर नोंद व्हायची तर तीनपैकी एक गोष्ट हवी : कायद्याने सांगितलेल्या रीतीने, म्हणजे बँक, मनीऑर्डर किंवा लेखी पुरावा राहील अशा मार्गाने पैसे दिलेले असणे, किंवा कागदोपत्री पुरावा, किंवा दरखास्तदाराने नोटिशीच्या उत्तरात वा कोर्टासमोर कबूल करणे. मेहुण्याची नुसती तोंडी साक्ष इथे चालत नाही. तुमच्याकडे सहीचा कागद आहे, म्हणजे पुरावा आहे. गेले आहेत ते ३० दिवस.

आता करायचे ते असे. नोटिशीच्या तारखेला गैरहजर राहू नका. लेखी म्हणणे द्या, त्यात तारीख, रक्कम, जागा लिहून पावतीची प्रत जोडा, मूळ कागद मागितला तरच दाखवा, आणि दरखास्तदाराने सही नाकारायची की कबूल करायची हे शपथेवर सांगावे अशी मागणी करा. पुष्कळ जण दुसऱ्याच्या सांगण्यावरून दरखास्त करतात, पण शपथेवर स्वतःची सही नाकारायची वेळ आली की बिचकतात. त्याने कबूल केले की नोंदीचा मार्ग उघडतो. नाकारले, तर दरखास्तीत तुमची बाजू कमजोर राहील. मात्र दुबार वसूल झालेल्या रकमेसाठी त्याच्यावर स्वतंत्र दावा करता येतो. शिवाय पूर्तता झालेला हुकूमनामा लबाडीने पुन्हा बजावून घेणे हा गुन्हाही आहे. भारतीय दंड संहितेत तो कलम २१० होता, भारतीय न्याय संहितेत २४७ आहे. हे दोन्ही रस्ते लांबचे आहेत, हे समजून वकिलांशी बोला.

ज्यांनी अजून पैसे द्यायचे आहेत त्यांनी कोर्टातच भरणे उत्तम. कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या नाझर शाखेत चलनाने भरणा करा आणि भरल्याची सूचना दरखास्तदाराला कोर्टामार्फत किंवा पोहोच देय रजिस्टर पोस्टाने पाठवा. ही सूचना विसरू नका, कारण कोर्टात भरलेल्या रकमेवरचे व्याज थांबते ते सूचना बजावल्याच्या दिवसापासून, भरण्याच्या दिवसापासून नव्हे. बँकेमार्फत परस्पर दिले तर व्याज त्याच दिवशी थांबते, पण मग ३० दिवसांत नोंदीचा अर्ज आलाच. बँकेतून पाठवताना दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावे, दरखास्तीचा नंबर, देणाऱ्याचे नाव-पत्ता आणि रक्कम मुद्दल, व्याज की खर्चापोटी आहे हे लिहिले पाहिजे, असे नियम १ म्हणतो. मोबाईलवरून पैसे पाठवताना शेऱ्याच्या चौकोनात एवढे मावत नाही, म्हणून त्याच दिवशी तेवढा मजकूर पत्राने पाठवा.

रोखीचा मोह टाळा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याचीच बंदी आहे. धनादेश दिला तर तो वटेपर्यंत पैसे दिले असे धरू नये, आणि दरखास्तदारानेही धनादेश हाती पडताच 'रक्कम मिळाली' असे लिहून देऊ नये.

प्रश्न : आमच्या दरखास्तीत समोरच्याने पैसे दिले. वकिलांनी 'दरखास्त काढून घेत आहोत' अशी पुरसीस (कोर्टाला द्यायचे लेखी निवेदन) दिली आणि दरखास्त निकाली निघाली. आता ऋणको म्हणतो, एवढ्याने चालणार नाही. त्याचे बरोबर आहे का?

उत्तर : अगदी बरोबर आहे, आणि तो सावध माणूस दिसतो. दरखास्त निकाली निघणे म्हणजे हुकूमनाम्याची पूर्तता होणे नव्हे. दरखास्त पाठपुराव्याअभावी काढून टाकली जाते, दरखास्तदार ती काढून घेतो, अंशतः वसुली होऊन बंद होते. या सगळ्यांत हुकूमनामा जिवंतच राहतो, आणि मुदतीत असेपर्यंत त्याच्यावर नवी दरखास्त टाकता येते. ई-कोर्ट सेवेवर प्रकरण 'निकाली' दिसते म्हणून निश्चिंत होणारे पुष्कळ आहेत. निकाली कशी झाली, हे रोजनाम्यात (तारीखवार कामकाजाच्या नोंदीत) आणि शेवटच्या आदेशात वाचावे लागते.

पुरसीस अशी हवी : 'हुकूमनाम्याप्रमाणे मुद्दल, व्याज व खर्च मिळून रुपये इतके, अमुक तारखेला, अमुक बँक व्यवहार क्रमांकाने दरखास्तदारास मिळाले. हुकूमनाम्याची संपूर्ण पूर्तता झाली असून तशी नोंद व्हावी. आता काही येणे बाकी नाही. दिनांक अमुकच्या आदेशाने केलेली जप्ती उठवावी.' खाली नुसती वकिलाची नको, दरखास्तदाराची स्वतःची सही हवी. कोर्टाने त्यावर 'पूर्तता नोंदली' असा आदेश केला की त्याची प्रमाणित नक्कल ऋणकोने लगेच काढून ठेवावी. दरखास्त चालू नसेल, तर हाच मजकूर मूळ हुकूमनामा देणाऱ्या कोर्टात अर्जाने द्यावा. तुमच्या प्रकरणात तुम्ही आजही तसा अर्ज देऊ शकता. द्याल तर ऋणकोची झोप परत येईल.

प्रश्न : हुकूमनामा ३,००,००० रुपयांचा, दावा दाखल झाल्यापासून वसूल होईपर्यंत द.सा.द.शे. ६ व्याज आणि खर्च १८,४०० रुपये. दावा १ जुलै २०२१ चा. मी १ जुलै २०२४ ला दोन लाख आणि १ जुलै २०२५ ला एक लाख बँकेने दिले. माझ्या हिशेबाने फक्त व्याज आणि खर्च राहायला हवा. दरखास्तदार ८२,७४४ बाकी सांगतो. कुठून आले?

उत्तर : त्याचा हिशेब चुकलेला नाही. दोघांत वेगळे ठरलेले नसेल तर आलेला पैसा आधी व्याज व खर्चात जातो, उरला तर मुद्दलात. पहिल्या तीन वर्षांचे व्याज ५४,०००, त्यात खर्च १८,४००, मिळून ७२,४००. दोन लाखांतून ते गेले, उरले १,२७,६००. एवढेच मुद्दल कमी झाले. शिल्लक मुद्दल १,७२,४००. त्यावर पुढच्या वर्षाचे व्याज १०,३४४. दुसऱ्या लाखातून ते वजा जाऊन ८९,६५६ मुद्दलात गेले. राहिले ८२,७४४.

उलटा क्रम हवा असेल, म्हणजे आधी मुद्दल, तर ते देण्यापूर्वी ठरवावे, दरखास्तदाराची लेखी संमती घ्यावी आणि पुरसीशीत लिहावे. नंतर मागून उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र हुकूमनाम्यात पाहा : निकालानंतरच्या व्याजाबद्दल तो गप्प असेल, तर ते व्याज नाकारले असेच दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३४ मानते. दरखास्तीत सरसकट व्याज लावून रक्कम फुगवलेली आढळते, तेव्हा आकडा मान्य करण्याआधी हुकूमनाम्याचा शेवटचा परिच्छेद शब्दशः वाचा.

प्रश्न : निकाल लागून नऊ वर्षे झाली. मुदत गेली का?

उत्तर : नाही. पैशाच्या किंवा ताब्याच्या हुकूमनाम्याला १२ वर्षे आहेत, हुकूमनामा अंमलात आणण्याजोगा झाल्यापासून. हप्त्यांचा हुकूमनामा असेल तर ज्या हप्त्याला चूक झाली त्या तारखेपासून. अपील होऊन निकाल लागला असेल तर अपिलाच्या हुकूमनाम्यापासून. स्थगितीचा काळ वगळून मिळतो. बांधकाम पाडा, वाट मोकळी करा अशा आज्ञार्थी मनाईला मात्र ३ वर्षेच आहेत. निरंतर (कायमच्या) मनाईला मुदत नाही. तुमच्या बाबतीत दोन वर्षे उलटली असल्याने नियम २२ प्रमाणे ऋणकोला आधी नोटीस काढावी लागेल, त्यात थोडा वेळ जाईल. बाराव्या वर्षाच्या शेवटच्या महिन्याची वाट बघू नका : ऋणको मरण पावलेला निघाला, पत्ता बदललेला निघाला, नकलेत नाव चुकलेले निघाले, असल्या गोष्टी तेव्हाच समोर येतात.

प्रश्न : माझा साडेचार लाखांचा हुकूमनामा आहे. ऋणको म्हणतो, 'माझ्या नावावर काही नाही, काय घ्यायचे ते घ्या.' तो खासगी कारखान्यात पगारावर आहे, शेजारच्या जिल्ह्यात त्याची जमीन असल्याचे कानावर आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : कानावर आलेल्या जमिनीपासून नको, शपथपत्रापासून करा. पैशाचा हुकूमनामा ३० दिवस न फेडता राहिला की नियम ४१ खाली अर्ज करून ऋणकोला त्याच्या मालमत्तेचे तपशीलवार शपथपत्र द्यायला लावता येते : बँक खाती, पगार, वाहने, जमीन, दुसऱ्यांकडून येणे. त्याने दिले नाही तर कोर्ट त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवू शकते. आणि खोटे दिले तर खोट्या शपथपत्राचे प्रकरण वेगळे उभे राहते. या नियमाचा उपयोग फार कमी लोक करतात. बहुतेक जण थेट जंगम (हलवता येण्याजोग्या) मालमत्तेच्या जप्तीचे वॉरंट काढतात, बेलिफ (कोर्टाचे हुकूम बजावणारा कर्मचारी) घरी जातो, जुना टीव्ही आणि दोन खुर्च्या पाहून 'जप्त करण्याजोगी मालमत्ता आढळली नाही' असा अहवाल देतो, आणि भत्त्याचे पैसे वाया जातात.

पगार हा तुमच्या बाबतीत सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. पैशाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्त होत नाही. समजा पगार ३१,००० आहे : १,००० वजा, राहिले ३०,०००, त्याचा तिसरा हिस्सा १०,००० दरमहा कोर्टात येईल. नियम ४८क प्रमाणे हुकूम मालकाला बजावला जातो आणि मालकाने कापून पाठवले नाही तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. मर्यादा अशी की एकाच हुकूमनाम्यात एकूण २४ महिने जप्ती झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. म्हणजे या मार्गाने जास्तीत जास्त २,४०,०००. साडेचार लाखांना दुसरा हात लागणारच.

बँक खात्यासाठी शाखेचे नाव आणि शक्यतो खाते क्रमांक द्यावा. बँक ही ऋणकोची देणेदार, म्हणून नियम ४६ व ४६क खाली बँकेला हुकूम काढून रक्कम थेट कोर्टात मागवता येते. 'सर्व बँकांतील सर्व खाती' असे मोघम लिहिलेला अर्ज परत येतो.

जमीन दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तुमच्या कोर्टाला तिच्यावर हात टाकता येत नाही. कलम ३९(४) ने ही शंका २००२ पासून मिटवली आहे. हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे पाठवण्याचा अर्ज करा. सोबत तीन कागद जातात : हुकूमनाम्याची प्रत, आतापर्यंत किती वसूल झाले आणि किती बाकी याचा दाखला, आणि दरखास्तीत आदेश झाले असल्यास त्यांच्या प्रती. दाखल्यातला आकडा तुम्ही स्वतः तपासा. पगारातून आलेले काही हप्ते त्यात चढवायचे राहून गेले, तर तिकडे गेल्यावर ऋणको पहिली हरकत त्याच्यावरच घेतो.

जमीन जप्त होते ती कागदावर : विकू नये, गहाण टाकू नये असा मनाई हुकूम, दवंडी, जमिनीवर आणि कोर्टात प्रत डकवणे. त्यानंतर ऋणकोने केलेली खासगी विक्री तुमच्या हक्काविरुद्ध निरर्थक ठरते. जप्तीचा हुकूम तलाठ्याकडे पोहोचून सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढला का, हे स्वतः उतारा काढून पाहा. लिलावात घेणाऱ्याने २५ टक्के तिथेच आणि बाकी १५ दिवसांत भरायची असते. ऋणकोला शेवटची संधी ६० दिवसांची : लिलावाच्या जाहीरनाम्यातली पूर्ण रक्कम आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के भरले तर विक्री रद्द होते.

काय जप्त होत नाही, हेही माहीत असू द्या. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजाने स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे, शेतकरी किंवा मजूर राहत असलेले त्याचे घर, भविष्य निर्वाह निधी, सरकारी निवृत्तिवेतन. यादी कलम ६० मध्ये आहे.

प्रश्न : रक्कम दीड लाखाची आहे. ऋणकोला तुरुंगात टाकता येईल का?

उत्तर : पैसे नाहीत एवढ्यासाठी नाही. ऐपत असून देत नाही, मालमत्ता लपवली, कोर्टाच्या हद्दीतून पळण्याच्या बेतात आहे, असे काही दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच हे ठाम सांगितले आहे. स्त्रीला पैशाच्या हुकूमनाम्यात अटक होत नाही. ५,००० रुपयांवरच्या रकमेला कमाल तीन महिने. कैदेतल्या त्याच्या जेवणाचा भत्ता दरखास्तदाराने आगाऊ भरायचा असतो, तो चुकला की ऋणको सुटतो. सुटल्यावर देणे तसेच राहते, पण त्याच हुकूमनाम्यात पुन्हा अटक नाही. म्हणजे हे हत्यार एकदाच वापरता येते.

प्रश्न : घराच्या ताब्याचा हुकूमनामा आहे. बेलिफ दोनदा जाऊन परत आला. एकदा 'मिळकतीची ओळख पटली नाही', दुसऱ्यांदा 'तिसऱ्या इसमाने हरकत घेतली'. काय चुकते आहे?

उत्तर : दोन वेगळी कारणे आहेत, दोन वेगळे उपाय.

पहिल्याचे मूळ बहुधा दाव्याच्या अर्जातच असते. चतुःसीमेत 'पूर्वेस अमुकचे घर' लिहिलेले, ते घर मध्यंतरी विकले गेले, सिटी सर्व्हे नंबर बदलला. बेलिफ वॉरंटावर लिहिले आहे तेच शोधतो आणि त्याने तसेच करावे. वॉरंट काढताना मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा, मोजणी नकाशा आणि सध्याच्या शेजाऱ्यांची नावे अर्जात द्या. वर्णनातली चूक लेखनाची असेल तर आधी हुकूमनामा दुरुस्त करून घ्या. वॉरंटावर दुरुस्ती करून भागत नाही.

दुसऱ्यात घड्याळ चालू असते. ताब्याला अडथळा झाला की नियम ९७ चा अर्ज अडथळ्याच्या तारखेपासून ३० दिवसांत करावा. तो 'तिसरा इसम' खरोखर स्वतंत्र हक्काने आहे की ऋणकोनेच आणून बसवलेला, याचा निवाडा त्याच अर्जात होतो. वेगळा दावा लागत नाही. हरकतदाराचे नाव, त्याने काय सांगितले आणि कोणता कागद दाखवला, हे बेलिफच्या अहवालात आले पाहिजे. 'हरकत घेतली' एवढेच लिहून आले तर पुढे त्या माणसाला ओळखणेही कठीण जाते, म्हणून जागेवरच अहवाल वाचून घ्या.

पुढच्या वेळी जाताना कुलूप तोडण्याची परवानगी आणि पोलीस बंदोबस्ताचा आदेश आधी घ्या, दोन पंच आणि कुलूपवाला सोबत ठेवा. सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरता येत नाही, तेव्हा सकाळची वेळ मागा. दारातून आत गेल्यावर एकेक खोली पाहावी, आतल्या सामानाची यादी पंचनाम्यात यावी, ते कोणाच्या सुपुर्त केले ते लिहावे, मग आपले कुलूप लावावे आणि त्यानंतरच कब्जा पावतीवर सही करावी. माळ्यावर दोन पेट्या राहिल्या, मागची खोली बंदच होती, तरी 'संपूर्ण कब्जा मिळाला' अशी सही करून मोकळे झालेले लोक पुढे अडकतात. एकदा ताबा दिल्याची नोंद झाली की दरखास्तीचे काम संपले. मागच्या खोलीसाठी नव्याने झगडावे लागते.

प्रश्न : वडिलांवर चार लाखांचा हुकूमनामा होता. ते वारले. दरखास्तीत आता माझे नाव लावले आहे. माझ्या पगारातून घेतील का?

उत्तर : नाही. वारसाची जबाबदारी वडिलांची जी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढ्यापुरतीच, कलम ५०. मात्र काय आले आणि त्याची विल्हेवाट कशी लावली, हा हिशेब तुम्हाला द्यावा लागेल. नोटिशीला उत्तर देताना ही यादी उताऱ्यांसह जोडा. काहीच आले नसेल तर तेही शपथपत्रावर सांगा. गप्प राहू नका.

प्रश्न : लोकअदालतीत दरमहा १५,००० रुपयांवर तडजोड झाली. पाच हप्ते आले, मग बंद. आता पुन्हा दावा करायचा का?

उत्तर : लोकअदालतीचा निवाडा हा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे दिवाणी हुकूमनामाच मानला जातो, त्याविरुद्ध अपीलही नाही. सरळ दरखास्त करा. एक हप्ता चुकल्यास सगळी रक्कम एकदम देय होईल असे कलम तडजोडीत असेल तर पूर्ण बाकीसाठी, नसेल तर थकलेल्या हप्त्यांपुरती. मिळालेले पाच हप्ते दरखास्तीच्या तक्त्यात प्रामाणिकपणे दाखवा. तिथे 'हुकूमनाम्यानंतर मिळालेली रक्कम' असा रकानाच असतो. आणि हप्ते देणाऱ्यांसाठी : नोंदीच्या अर्जाची ३० दिवसांची ती मुदत प्रत्येक हप्त्याला वेगळी मोजली जाते.

प्रश्न : सगळे पैसे कोर्टात भरून दीड वर्ष झाले. सातबाऱ्यावर 'दिवाणी न्यायालय जप्ती' अजून आहे. शिवाय बँकेच्या जुन्या कर्जाच्या दाव्यात पैसे भरूनही सिबिल अहवालात दावा दाखल असल्याचे दिसते. दोन्ही कोण काढणार?

उत्तर : कायद्याने जप्ती केव्हाच उठली आहे. नियम ५५ प्रमाणे हुकूमनाम्याची रक्कम आणि जप्तीचा खर्च कोर्टात भरला की जप्ती मागे घेतली असेच मानतात. पण तलाठ्याला हे कळत नाही, आणि कोर्ट आपण होऊन कळवेलच असे नाही. त्याच दरखास्तीत अर्ज देऊन जप्ती उठवल्याचा स्पष्ट आदेश आणि तलाठ्याच्या नावे पत्र मागा. आदेशात गाव, गट नंबर आणि ज्या फेरफाराने बोजा चढला त्याचा क्रमांक यायला हवा, म्हणून अर्ज लिहिताना जुना फेरफार काढून समोर ठेवा. गट नंबर चुकला की तलाठी कागद परत करतो आणि पुन्हा कोर्टाची वारी. प्रमाणित नक्कल देऊन पोहोच घ्या, फेरफार धरला गेल्यावर नोटिशीची १५ दिवसांची मुदत जाऊ द्या, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. शहरातल्या मिळकतीसाठी हेच काम नगर भूमापन कार्यालयात, सोसायटीतल्या सदनिकेसाठी संस्थेकडेही करावे. तिथे जप्तीचे पत्र फाइलला लावलेले असते आणि विक्रीच्या वेळी नेमके तेच वर येते.

सिबिलला कोर्ट काही कळवत नाही, तो मजकूर कर्ज देणारी बँक पाठवते. त्यामुळे कोर्टाच्या पूर्ततेच्या आदेशाची नक्कल आणि बेबाकी (काही देणे बाकी नाही अशा) दाखल्याची मागणी बँकेकडे लेखी द्या, आणि त्याच दिवशी सिबिलकडे दुरुस्तीची तक्रार नोंदवा. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, ते ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात. रक्कम तडजोडीने कमी भरली असेल, तर अहवालात 'तडजोडीने मिटले' असाच शेरा येईल, आणि तो शेरा चूक म्हणून काढून मिळत नाही.